सातव्या गाण्याचे डमी शब्द

नाशिकच्या भद्रकालीतल्या अंड्यांच्या होलसेल दुकानात कोणी प्रेमात पडायला जात नाही. वेदिका गायधनीही गेली नव्हती. ती गेली होती रिकामे ट्रे आणायला. अंडी नकोत, नुसते ट्रे. दुकानदाराच्या डोक्यात काही ते शिरत नव्हतं.

"ताई, आणि अंडी किती देऊ?"

"अंडी नकोत हो दादा, कितीदा सांगू? तो कोपऱ्यातला रिकाम्या ट्रेंचा गठ्ठा आहे ना, तेवढा द्या."

"भिंतीला लावायचेत?" मागून आवाज आला.

ती वळली. उंचापुरा, सावळा मुलगा, हातात अंड्यांनी भरलेला ट्रे असा धरलेला की जणू त्यात तान्हं बाळ झोपलंय. चेहरा अगदी गंभीर, पण डोळे हसत होते.

"लावायचे असतील भिंतीला. तुम्हाला काय करायचंय?"

"मला काहीच नाही. पण आवाज अडवायला लावत असाल तर नका लावू. ह्यांनी आवाज अडत नाही… झुरळं मात्र येतात."

"तुम्हाला बरं माहीत!"

"मी लावले होते ना. वर्षभर झुरळं रेकॉर्ड केली."

आता ह्यावर रागवायचं की हसायचं? वेदिका रागवायलाच निघाली होती, पण हसू आधी आलं. हसू नेहमी असंच करायचं तिच्याशी, नको तिथे फितूर व्हायचं.

गोष्ट अशी होती की वेदिका एका रॉक बँडची गायिका. बँडचं नाव 'गाळा नंबर नऊ', कारण अंबडच्या एमआयडीसीतल्या एका रिकाम्या गाळ्यात त्यांची प्रॅक्टिस चालायची. ड्रमवर भारत, जो दिवसा टायरचं दुकान सांभाळायचा, आणि गिटारवर आफिया, जी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायची आणि स्टेजवर गेली की अंगात आल्यासारखी वाजवायची. पहिला अल्बम त्यांनी त्याच गाळ्यात शनिवारी-शनिवारी रेकॉर्ड केला. शनिवारी एमआयडीसीला सुट्टी, आजूबाजूला चिटपाखरू नसायचं. अल्बम चालला. चालला म्हणजे काय, कॉलेजच्या पोरापोरींनी डोक्यावर घेतला! आता दुसरा करायला बसले, तर शेजारच्या गाळ्याला मोठी ऑर्डर मिळालेली आणि त्यांची प्रेस मशीन शनिवारीही सुरू. वेदिकाने सूर लावला की भिंतीपलीकडून धाड्! पुन्हा सूर, पुन्हा धाड्! म्हणून हे ट्रेंचं खूळ.

"मग काय करू म्हणता?" तिने विचारलं. विचारताना ओढणी उगाचच सारखी केली, हे तिचं तिलाही कळलं नाही.

"मखमलाबादच्या पुढे माझ्या मामांचं जुनं कोल्ड स्टोरेज आहे, द्राक्षांचं. मामांनी नवीन मोठं बांधलं, हे रिकामं पडलं. भिंती ह्या एवढ्या जाड. बाहेर फटाक्यांची माळ लावली तरी आत कळत नाही. मी तिथं स्टुडिओ टाकलाय." मग थोडं थांबून, "मी शेखर. शेखर अहिरे. सटाण्याचा."

"आणि एवढी अंडी?"

"स्टुडिओत आलेल्या बँडला खाऊ घालायला. अजून कोणी आलेलं नाही, म्हणून रोज मीच खातो."

झालं. ट्रेंचा गठ्ठा दुकानातच राहिला.

कोल्ड स्टोरेजमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा आफियाने टाळी वाजवून पाहिली. टाळी वाजली आणि तिथल्या तिथे विरून गेली. "सुभानल्ला," ती म्हणाली, "इथे तर माझं मनातलं पण रेकॉर्ड होईल." गारव्याची यंत्रं कधीच काढून नेलेली, पण नाशिकच्या डिसेंबरला यंत्रं कशाला लागतात! बाहेर बागांवर धुकं, आत भारत हातमोजे घालून ड्रम जुळवतोय, आणि मधल्या भिंतीत बसवलेल्या मोठ्या काचेपलीकडे शेखर, कानांवर हेडफोन, समोर बटणांचा पसारा.

सहा गाणी झाली. नीट झाली. आणि सगळं घोडं सातव्यापाशी येऊन अडलं.

त्याचं असं होतं. पहिल्या अल्बमचे सगळे शब्द उमरचे. उमर त्यांचा जुना दोस्त, आता नोकरीला दुबईत. ह्या वेळी वेदिका हट्टाला पेटली होती, शब्द मीच लिहिणार. सहा गाणी तिने लिहिली, म्हणजे खोडून खोडून, नखं खाऊन, रडकुंडीला येऊन लिहिली. भारत म्हणायचा, "चांगलंय ना." आफिया म्हणायची, "चालेल यार." आणि त्या 'चालेल'वर वेदिका रात्रभर तळमळायची. कारण तिच्या मनात एकच धाकधूक होती. पहिला अल्बम उमरच्या शब्दांवर चालला, आपण नुसता गळा. सातवी चाल तर सगळ्यांत जबरदस्त होती, आफियाने जीव ओतला होता तिच्यात. आणि नेमके तिलाच शब्द सापडेनात. शेवटी वेदिकानेच सांगून टाकलं होतं, "येत्या शनिवारपर्यंत नाही सुचलं तर चाल उमरला पाठवू. तो लिहील. आणि मग मी परत नुसती गाईन… कायमची." शेवटचा शब्द तिने हसत हसत म्हटला, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

तोपर्यंत चाल तर बसवायला हवी. अशा वेळी गाणारे लोक डमी शब्द घालतात. नुसतं 'ला ला ला' म्हटलं की सुराला पकड येत नाही, म्हणून मीटरमध्ये बसेल ते काहीही म्हणायचं. भाजीचे भाव म्हणा, बसचे थांबे म्हणा. खरे शब्द आले की डमी पुसून टाकायचे. त्यांना कोणी शब्द समजतच नाही.

"तुम्ही काय म्हणताय त्याकडे माझं लक्ष नसतं हं," पहिल्याच दिवशी शेखरने माईकवरून सांगितलं होतं. "बिनधास्त काहीही गा. मला फक्त आवाज ऐकू येतो. कुठं 'स' टोचतोय, कुठं 'प' फुटतोय, एवढंच."

"म्हणजे शब्द कळतच नाहीत?"

"अजिबात नाही. धंद्याची सवय."

बरं झालं की! वेदिकाने डोळे वर केले. काचेपलीकडे तो बसला होता. स्वेटर उलटा घातलेला, शिवण बाहेर. शेजारी चहाचा ग्लास, त्याच्यावर साय धरलेली. ड्रम सुरू झाले, गिटार गरजली, आणि तिच्या तोंडून जे समोर दिसलं तेच निघालं.

*काचेपल्याड बसलाय कोण,*
*स्वेटर उलटा, कानांवर फोन,*
*चहा निवतोय, पीत नाही,*
*बघतोय तरी सांगत नाही…*

भारतची काठी एका ठोक्याला चुकली. आफियाने मान खाली घालून ओठ चावले. शेखरच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. त्याने अंगठा वर केला, "मस्त. 'फोन'चा 'फ' थोडा मागे घ्या."

खरंच कळत नाही ह्याला! वेदिकाला हायसं वाटलं. थोडं वाईटही वाटलं… पण ते तिने स्वतःपासूनसुद्धा लपवलं.

मग काय, तिला चटकच लागली. खऱ्या शब्दांसाठी ती घरी कपाळ धरून बसायची, आणि इथे माईकसमोर उभी राहिली की शब्द आपोआप रांगेत यायचे. रोज नव्या ओळी, रोज आधीपेक्षा आगाऊ.

*गालावर खळी, कपाळावर आठी,*
*सांग ना ही आठी कोणासाठी?*
*मी इथे गाते, तू तिथे गप्प,*
*बोल ना रे बाबा, काम झालंय ठप्प!*

"हे शेवटचं जरा जोरात येऊ द्या," शेखर म्हणाला. "'ठप्प'वर ड्रम बंद. भारी वाटेल."

"असं?" वेदिका म्हणाली. "का हो, भारी का वाटेल?"

"आवाज चांगला लागतोय तिथं."

"नुसता आवाज?"

"नुसता आवाज," तो म्हणाला आणि खाली वाकून कसलीतरी वायर शोधायला लागला. बराच वेळ शोधत होता. वायर त्याच्या हातातच होती.

एका दुपारी अवकाळी पाऊस आला. पत्र्यावर असा तडतडला की जाड भिंतींचंही काही चालेना. रेकॉर्डिंग थांबलं. भारत आणि आफिया त्या दिवशी आलेच नव्हते. शेखरने आमलेट केलं, दोघं दाराशी खुर्च्या टाकून बसली. ओल्या मातीचा वास, समोर द्राक्षांच्या बागा, आणि मध्येच त्याच्या आईचा फोन. "हो माय, जेवनू. हो, स्वेटर घालेल शे," तो अहिराणीत म्हणाला, आणि वेदिका तोंडावर हात ठेवून खिदळली.

"काय झालं?"

"काही नाही. आज सरळ घातलाय."

तो लाजला. मग म्हणाला, "शब्द सुचले?"

तिचं हसू मावळलं. "नाही. शनिवारी उमरला पाठवून टाका तुम्ही चाल. नुसती चाल, माझा आवाज काढून." पावसाकडे बघत ती पुढे बोलली, "तुम्हाला सांगू? मला वाटायचं माझ्यात काहीतरी आहे लिहिण्यासारखं. लोकांना काय, ते म्हणतातच मुलगी छान गाते. पण एकदा तरी माझ्या शब्दांवर कोणी उड्या माराव्यात, असं फार वाटत होतं हो. नाही जमलं. ठीक आहे."

"ठीक नाही," शेखर पटकन म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे…" त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "अजून एक आमलेट करू?"

धन्य आहे बाबा हा, वेदिकाच्या मनात आलं. पण तिने आमलेट खाल्लं, आणि तो समोर बसून ती खाताना बघत राहिला, तेही तिला आवडलं. पाऊस थांबूच नये असं वाटत होतं. मेला थांबला.

शनिवार उजाडला. सकाळी वेदिका गंगापूर रोडच्या घरी गच्चीवर केस वाळवत बसली होती, तेवढ्यात आफियाचा फोन.

"वेदू! ग्रुपवर ऐकलंस का?"

"काय ऐकू? सहा गाणी ना?"

"सात! सातवं ऐक. शेखरने उमरला पाठवलंय. ग्रुपवर पण टाकलंय. यार वेदू… तुझा आवाज काढायचा विसरलाय तो!"

वेदिकाच्या हातातला कंगवा खाली पडला. म्हणजे स्वेटर? खळी? बोल ना रे बाबा? सगळं? दुबईला?

"भारतच्या घरी तर स्पीकरवर लावलंय," आफिया सांगतच होती. "त्याची आई भाकरी थापताना म्हणतेय, काम झालंय ठप्प!"

"आफिया, मी मेले."

"मर, पण आधी उमरचा मेसेज ऐक."

तिने भीत भीत फोन उघडला. उमरचा आवाज, मागे दुबईचा ट्रॅफिक. "वेदू, दिमाग खराब आहे का तुझा? मला शब्द लिही म्हणतेस? शब्द तर आहेत की ह्यात! असलं मला सात जन्मांत जमलं नसतं. मी लिहिलं की चंद्र येतो, तारे येतात, तुझ्यात बघ, निवत चाललेला चहा आलाय. एक अक्षर बदलू नकोस, सांगून ठेवतो. आणि हा काचेपल्याडचा कोण गं?"

तिने तो मेसेज परत ऐकला. मग आणखी एकदा. इतके दिवस छातीवर ठेवलेलं ओझं कोणीतरी हळूच उचलून बाजूला केलं होतं. जमलं होतं! आपल्याला जमलं होतं, आणि आपण ते पुसून टाकायला निघालो होतो. ती गच्चीवर एकटीच रडली, एकटीच हसली, शेजारच्या गच्चीवरच्या काकू बघत होत्या तरी.

आणि मग दुसरा विचार आला. आता त्या शेखरला सगळं कळणार.

नाही, आधी त्याचा कानच धरायला हवा! तिने स्कूटी काढली.

स्टुडिओत शेखर मान खाली घालून बसला होता, पेपर अवघड गेलेल्या मुलासारखा. ती दारातूनच कडाडली, "नुसती चाल पाठवा म्हटलं होतं ना मी?"

"चुकलं."

"मुद्दाम पाठवलंत?"

"नाही! देवाशपथ नाही."

"मग आवाज बंद करायला विसरतं कोण? तुमचं कामच ते! धंद्याची सवय ना?"

"बंदच होता," तो म्हणाला. "मीच रोज चालू करायचो."

"का?"

तो हातातली वायर गुंडाळायला लागला.

"का, शेखर?" पहिल्यांदाच तिने नुसतं नाव घेतलं.

"ऐकायला." त्याने मान वर केली. "तुम्ही लोक गेलात की मी रोज ते गाणं लावायचो. काल पण लावलं. मग बंद करायचं राहून गेलं… सकाळी गडबडीत तसंच पाठवलं. एवढीच चूक आहे माझी."

वेदिका हळूहळू खुर्चीत बसली. "म्हणजे शब्द कळत होते तुला."

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. बहिरा आहे का मी?"

"आणि मला काय सांगितलंस? 'स' टोचतो, 'प' फुटतो!"

"ते आधी म्हणालो, उगीच, तू मोकळी गावीस म्हणून. मग तू ते… खळीबिळी गायलीस. तेव्हा खरं सांगितलं असतं तर तू गायचीच थांबली असतीस. मला ते थांबायला नको होतं." तो घाईघाईने बोलत होता, अडखळत होता, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "त्या पावसात सांगणार होतो, की अगं हेच शब्द आहेत, हेच तुझं गाणं आहे. पण सांगितलं असतं तर दुसरं पण सांगावं लागलं असतं. मग आमलेट केलं."

वेदिकाला हसू आवरेना. किती दिवस ही दोघं एका काचेच्या दोन बाजूंना बसून नाटक करत होती! तिला वाटत होतं आपण लपून बोलतोय, आणि तो लपून ऐकत होता.

"उमर म्हणतो, एक अक्षर बदलू नकोस," ती म्हणाली.

"बरोबर म्हणतो. पण गाणं परत गावं लागेल. ह्या रेकॉर्डिंगमध्ये भारतची काठी चुकलीय, आणि आफिया हसलेली पण ऐकू येते. त्यांचं सोमवारी करू. तू गाऊन घे आत्ता." मग जरा सावरून, एकदम कामाच्या आवाजात, "आणि गीतकार म्हणून नाव काय टाकू?"

हा प्रश्न तिला कोणी कधी विचारला नव्हता. तिने एक मोठा श्वास घेतला. "वेदिका गायधनी," ती म्हणाली. आपलंच नाव इतकं छान वाजतं, हे तिला आजच कळलं.

ती आत गेली. हेडफोन लावला. काचेपलीकडे तो बसला. ड्रम, गिटार… आणि ती गप्प. कालपर्यंत हे शब्द कोणाचेच नव्हते, तोंडाला येतील तसे म्हणता येत होते. आज ते तिचे होते आणि तो ऐकत होता. पहिल्या ओळीला आवाज कापला. दुसऱ्यांदा 'खळी'वर हसू फुटलं. तिसऱ्यांदा 'कोणासाठी'पाशी ती लाजून पाठमोरीच झाली.

"इकडे बघून गा ना," हेडफोनमधून तो म्हणाला.

"मग होणार नाही."

"होईल. मी पण बघतोच आहे की. इतके दिवस बघतोय."

ती वळली. ह्या वेळी थांबली नाही. त्याच्या डोळ्यांत बघत तिने सगळं गाणं म्हटलं, आवाज वर वर चढत गेला, त्या थंड खोलीत तिच्या अंगाला घाम फुटला. *मी इथे गाते, तू तिथे गप्प, बोल ना रे बाबा, काम झालंय ठप्प!* ड्रम थांबले. गिटार थांबली. आता पुढच्या कडव्याआधी थोडी शांतता होती, चालच तशी होती. पण गिटार पुन्हा आली नाही. शेखरने गाणंच थांबवलं होतं. त्याने माईक जवळ ओढला. दोनदा खाकरला.

"मना तुन्हावर जीव शे," तो म्हणाला.

त्या जाड भिंतींच्या खोलीत दुसरा कसलाही आवाज नव्हता, आणि ते वाक्य थेट तिच्या दोन्ही कानांत आलं, इतकं जवळ, की तिने डोळे मिटले. अहिराणी तिला येत नव्हती. पण हे न कळण्याइतकी ती बहिरी नव्हती.

रोज उठून त्याला टोमणे मारणाऱ्या मुलीला आता एक शब्द सुचेना. काचेपलीकडे तो बिचारा रडवेला व्हायला लागला.

"शेखर," शेवटी ती माईकमध्ये म्हणाली, अगदी हळू.

"हं?"

"आत्ता तू बोललास ना… ते रेकॉर्ड झालं का?"

"नाही नाही! बंद केलं होतं मी आधीच. खरंच. घाबरू नको."

"मग चालू कर," वेदिका म्हणाली, "आणि परत म्हण."